फिनलंडचा स्कीपटू आणि ताकदीचे इंजेक्शन

'डॉक्टर, रक्त वाढवायचे काहीतरी द्या,' हे वाक्य माझ्या दवाखान्यात रोज कानावर पडते. म्हणणारी बहुधा एखादी बाई असते. तिचे हिमोग्लोबिन आठ-नऊ असते, चेहरा पांढुरका पडलेला असतो, जिना चढताना धाप लागत असते. तिची मागणी अगदी रास्त असते आणि तिला काय द्यायचे ते मला ठाऊक असते. अलीकडे मात्र हेच वाक्य अठरा-वीस वर्षांची धडधाकट मुले म्हणू लागली आहेत. पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की पहाटे मैदानावर सोळाशे मीटरच्या फेऱ्या सुरू होतात आणि दहा-पंधरा दिवसांत दोघे-तिघे दवाखान्यात डोकावतात. त्यांचे हिमोग्लोबिन चौदा-पंधरा असते, म्हणजे उत्तम असते. पण त्यांना ते सतरा-अठरा हवे असते. 'सर, स्टॅमिना वाढतो म्हणे. इंजेक्शन मिळतं. मित्राने घेतलंय.'

रक्त जास्त तर दम जास्त ही कल्पना साफ खोटी असती, तर हसून सोडून देता आली असती. ती अर्धी खरी आहे, म्हणूनच तिच्यावर एक अख्खा लेख खर्च करतो आहे. या अर्ध्या सत्याचा फार मोठा दाखला फिनलंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव एरो मॅन्त्युरांता. नाव उच्चारायला कठीण आहे, पण माणूस लक्षात ठेवण्यासारखा आहे.

स्कीइंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला गुलमर्गचा उतार येतो. रंगीत कोट घातलेला नायक वरून घसरत येतो आणि नायिकेपाशी थांबतो. मी सांगतो आहे तो प्रकार तसा नाही. याला क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात. यात उतार असतो तेवढाच चढही असतो, सपाटीही असते. पायांत लांब अरुंद पट्ट्या आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन पंधरा, तीस, पन्नास किलोमीटर बर्फ तुडवत जायचे. धावणाऱ्याचे मुख्यतः पाय राबतात. इथे पाय, हात, खांदे, पाठ, पोट असे सगळे एकाच वेळी राबते. एवढे स्नायू एकदम प्राणवायू मागू लागले, की हृदय, फुप्फुसे आणि रक्त यांची खरी परीक्षा होते. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे प्रयोगशाळेत मोजता येते. या मोजणीत जगातल्या सर्व खेळाडूंमध्ये हे लोक अगदी वरच्या ओळीत बसतात.

मॅन्त्युरांताचा जन्म १९३७ सालचा. गाव पेल्लो भागातले, फिनलंडच्या उत्तर टोकाकडच्या लॅपलंडमध्ये, स्वीडनच्या सीमेजवळ. हिवाळ्यात तिथे दिवस जेमतेम उजाडतो. आपल्याकडे मुले सायकलवर शाळेत जातात, तशी तिकडची त्या काळातली मुले गोठलेल्या तळ्यावरून स्कीवर शाळेत जात. त्या मुलखात स्की हा आधी वाहतुकीचा प्रकार होता आणि मग खेळ.

त्या काळी ऑलिम्पिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. खेळातून पैसा मिळवला, की दार बंद. १९७२ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्झ या नामांकित स्कीपटूला जाहिरातीतून पैसे मिळवल्याच्या कारणावरून सापोरोच्या ऑलिम्पिकमधून बाहेर काढले होते. मग गरीब घरच्या हौशी माणसाने खायचे काय? उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या परीने शोधले होते, आणि ते बहुधा सरकारी नोकरी हेच होते. मॅन्त्युरांता फिनलंडच्या सीमारक्षक दलात नोकरीला होता. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लोकांकडून पैसे जमवून १९५२ साली ऑलिम्पिकला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले, ते याच फिनलंडच्या हेलसिंकीहून. पुढे त्यांनी पोटासाठी पोलिसात नोकरी केली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना खेळ नको आहे, नोकरीच हवी आहे, हे मी जाणतो. तरी धावण्याच्या जोरावर वर्दी मिळवण्याची ही धडपड तिकडच्या आणि इकडच्या गरिबाघरी सारखीच आहे.

१९६० साली अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅलीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बावीस वर्षांचा मॅन्त्युरांता फिनलंडच्या रिले संघात होता. त्या संघाने सुवर्ण मिळवले. १९६२ साली तो तीस किलोमीटरचा जगज्जेता झाला. १९६४ साली ऑस्ट्रियात इन्सब्रुकला ऑलिम्पिक झाले. स्कीच्या लांब शर्यती जवळच्या सीफेल्ड गावी होत्या. तिथे त्याने पंधरा किलोमीटर आणि तीस किलोमीटर ही दोन्ही सुवर्णपदके घेतली आणि रिलेत रौप्य मिळवले. पंधरा किलोमीटरमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा नॉर्वेचा खेळाडू त्याच्यापेक्षा सुमारे चाळीस सेकंद मागे होता. जिथे शर्यती सेकंदाच्या काही भागांनी जिंकल्या जातात, तिथे चाळीस सेकंद म्हणजे विजेत्याने अंगावर कोट चढवून चहा मागवावा एवढी उसंत. लोक त्याला 'मिस्टर सीफेल्ड' म्हणू लागले. १९६६ साली पुन्हा तीस किलोमीटरचे जगज्जेतेपद, १९६८ साली ग्रेनोबलला एक रौप्य आणि दोन कांस्य. ऑलिम्पिकची एकूण सात पदके.

आता त्याच्या रक्ताकडे वळू.

निरोगी पुरुषाचे हिमोग्लोबिन साधारण तेरा ते सतरा ग्रॅम असते. मॅन्त्युरांताचे वीसच्या वर असे आणि काही तपासण्यांत ते तेवीसपर्यंत गेले होते. असा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला, तर मी आधी लॅबला फोन करून नळी कोणाची ते विचारीन. हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशींतला प्राणवायू वाहून नेणारा हमाल. हमाल दीडपट, तर एका खेपेत माल दीडपट. साहजिकच कुजबुज सुरू झाली, की हा रक्त भरून घेतो. ही शंका अगदीच हवेतली नव्हती. आपलेच रक्त आधी काढून साठवायचे आणि शर्यतीच्या सुमारास परत भरायचे, हा उद्योग पुढे लांब पल्ल्याच्या खेळांत चालत असे. १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये दोन पदके मिळवणाऱ्या कार्लो मानिंका या फिनलंडच्याच धावपटूने पुढे तशी कबुली दिली. त्या वेळी ते नियमाने निषिद्धही नव्हते.

मॅन्त्युरांताच्या बाबतीत खरे कारण कळायला १९९३ साल उजाडले. फिनलंडमधील आनुवंशशास्त्रज्ञ आल्बेर द ला शापेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गोतावळ्याची रक्ते तपासली. त्याच्याप्रमाणेच इतर अनेक नातेवाईकांचे हिमोग्लोबिन जन्मापासून चढे होते. कारण एका जनुकात सापडले.

हे थोडे समजावून सांगतो, कारण इंजेक्शनचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. रक्तात प्राणवायू कमी पडतो आहे असे मूत्रपिंडाला जाणवले, की ते एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडते. त्याचे लाडके नाव इपीओ. ते हाडांतल्या मगजात पोचते आणि तिथल्या कोवळ्या पेशींच्या अंगावरच्या कडीत अडकते. कडी वाजली, की पेशी कामाला लागते आणि तांबड्या पेशी तयार होतात. पुरे झाले, की त्या कडीचाच आतला शेपटीकडचा भाग 'आता थांबा' असा निरोप देतो. मॅन्त्युरांताच्या कुटुंबात जनुकातले एक अक्षर बदलले होते. त्यामुळे कडी घडत होती, पण तिची शेपटी मध्येच तुटलेली होती. कडी वाजायची, थांबा म्हणणारे मात्र कोणी नाही. इपीओ बेताचेच असूनही मगज पेशी काढतच राहायचा. आईवडिलांपैकी एकाकडून असा जनुक आला तरी पुरे, म्हणून प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे पदके रक्ताने मिळवली, माणसाने नव्हे. मला हे पटत नाही. तेच अक्षर त्या गोतावळ्यात इतरही अनेकांच्या वाट्याला आले होते. पण ऑलिम्पिकची सात पदके एकाच घरात गेली. लॅपलंडच्या अंधारात, उणे वीस अंशांत, वर्षानुवर्षे काठ्या मारत राहणे हे कोणत्याही जनुकाच्या शेपटीत लिहिलेले नसते. त्याला जन्मतः फायदा होता हे मी मान्य करतो. सहा फूट नऊ इंच उंचीच्या मुलाला बास्केटबॉलमध्ये फायदा असतो, तसा आणि त्याहूनही मोठा. पण उंच मुलगा फसवतो असे आपण म्हणत नाही.

आता त्याच्या आयुष्यातली ती गोष्ट, जी मी दवाखान्यातल्या मुलांना आवर्जून सांगतो. १९७२ साली हाच मॅन्त्युरांता फिनलंडमधील तपासणीत अॅम्फेटामिन घेतल्याचे आढळून दोषी ठरला. उत्तेजकाच्या तपासणीत सापडलेला तो पहिला फिनिश खेळाडू. आधी त्याने नाकारले. पुढे हार्मोन्स घेतल्याचे मात्र त्याने कबूल केले. ती त्या काळी निषिद्ध नव्हती. वय तेव्हा चौतीस होते, सर्वोत्तम वर्षे मागे पडली होती आणि सापोरोहून तो पदकाशिवाय परतला. निसर्गाने ज्याला फुकटात असे रक्त दिले होते, की दुसऱ्यांनी ते चोरून बाटलीतून भरून घ्यावे, त्या माणसालाही गोळी घ्यावीशी वाटली! जगातल्या सर्वात समृद्ध रक्ताच्या माणसाचेही जर 'आणखी थोडे' हे मागणे संपत नसेल, तर ती भूक रक्तातली नव्हे. ती कुठली, हे सांगणे माझ्या एमबीबीएसच्या पदवीच्या बाहेरचे आहे. पण इंजेक्शनने ती शमत नाही, एवढे मी या पदवीवरही सांगू शकतो.

आणि इंजेक्शन खरोखरच आहे. ज्या इपीओची कडी मॅन्त्युरांताच्या घरी बिघडली होती, तेच इपीओ कारखान्यात बनवता येऊ लागले आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या रुग्णांसाठी ते वरदान आहे. पूर्वी या लोकांना वरचेवर रक्त चढवावे लागे. पण औषध बाजारात येते, तेव्हा ते ज्याच्यासाठी आहे त्याच्यापाशीच थांबते असे नाही. सायकलस्वार आणि स्कीपटू यांच्यात ते पसरले. ऑलिम्पिक समितीने १९९० साली त्यावर बंदी घातली, पण ते पकडण्याची खात्रीची चाचणी २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकपर्यंत नव्हती. तोवर स्की महासंघाने वेगळा उपाय काढला. हिमोग्लोबिन ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर शर्यतीला उभेच करायचे नाही. २००६च्या तोरिनो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी ही मर्यादा सतरा ग्रॅम होती. म्हणजे मॅन्त्युरांता चाळीस वर्षे उशिरा जन्मला असता, तर जन्मजात दोषाची कागदपत्रे दाखवून सूट मिळवल्याशिवाय त्याला सुरुवातीच्या रेषेवरही पाय ठेवता आला नसता. मर्यादा आली, तशी पळवाटही आली. रक्त पातळ दिसावे म्हणून शिरेतून द्रव चढवायचा! २००१ साली फिनलंडमधल्याच लाहती गावी जागतिक स्पर्धेत यजमान देशाचे सहा स्कीपटू असे द्रव वापरल्याबद्दल पकडले गेले. ज्या देशात स्की हा जवळजवळ कुळाचार आहे, तिथे ती मोठी नामुष्की ठरली.

कोणी विचारील, मॅन्त्युरांताला इतके दाट रक्त असून काही झाले नाही, तर मला दोन ग्रॅमने काय होणार? त्याचे रक्त जन्मल्या दिवसापासून तसे होते. हृदय आणि रक्तवाहिन्या त्याच रक्तावर वाढल्या. तरीही अशा दोषाच्या इतर काही कुटुंबांत रक्तदाबाचे आणि हृदयाचे त्रास आढळले आहेत, तेव्हा तीही काही पूर्ण अभय मिळालेली गोष्ट नव्हे. तुमचे शरीर चौदा-पंधरावर वाढलेले आहे. त्यात महिन्याभरात पेशींची भर घातली की रक्त घट्ट होते. काकवी आणि पाणी एकाच नळीतून ओतून पाहा, म्हणजे हृदयाला काय वाटते ते समजेल. त्यावर मे महिन्याच्या उन्हात सराव, घामाने पाणी गेलेले, वजन कमी करायचे म्हणून पाणीही कमी प्यायलेले. अशा रक्तात गुठळी होते. ती पायात झाली तर पाय सुजतो, फुप्फुसात गेली तर जीव जातो, मेंदूत गेली तर बाविसाव्या वर्षी अर्धांगवायू. मैदानावर मित्राच्या मित्राकडून मिळालेल्या बाटलीत इपीओच आहे, की स्टेरॉइड, की नुसतेच मिठाचे पाणी, हे तर देवालाच ठाऊक. एकच सुई चौघांत फिरली, तर कावीळ आणि एचआयव्ही यांचे दार उघडते ते वेगळेच.

जास्त म्हणजेच चांगले, हे निसर्गसुद्धा सरसकट मानत नाही. तिबेटच्या पठारावर हजारो वर्षे राहणाऱ्या लोकांना विरळ हवेत जास्त तांबड्या पेशी लागत असतील, असे आपल्याला वाटेल. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरच्या रहिवाशांत त्या खरोखर वाढलेल्या आढळतात आणि त्यांतल्या काहींना त्यापायी डोकेदुखी, धाप, हृदयावर ताण असा आजारही होतो. तिबेटी लोकांचे हिमोग्लोबिन त्या मानाने कमी राहते. त्यांच्या जनुकांनी उलट ते वाढू न देण्याची तजवीज केलेली आहे, आणि त्याच उंचीवर ते ओझी वाहतात, शेती करतात, शिखरेही चढतात.

ज्यांना इंजेक्शन नको आहे, पण रिपोर्टवर हिमोग्लोबिन अठरा-एकोणीस छापून आले आहे, अशा वाचकांनाही एक सांगणे आहे. 'रक्त भरपूर आहे, छान!' म्हणून तो कागद फाइलमध्ये ठेवू नका. आपण मॅन्त्युरांताच्या घराण्यातले असण्याची शक्यता फारच कमी. विडी-सिगारेट, जुनाट खोकला आणि फुप्फुसाचा आजार, झोपेत घोरताना श्वास अडकणे, जन्मजात हृदयदोष, ही कारणे आपल्याकडे कितीतरी जास्त दिसतात. कधी पॉलिसायथेमिया नावाचा मगजाचा विकारही निघतो. आंघोळीनंतर अंगाला खाज येणे, चेहरा तांबडालाल होणे, डोके जड राहणे ही त्याची खूण असू शकते. तपासणी करून घ्या. उपचार आहेत, आणि त्यांतला एक तर शिरेतून रक्त काढून टाकण्याचा आहे. मॅन्त्युरांताचाही चेहरा उतारवयात गडद तांबडा दिसे. तो आपल्या मुलखात रेनडियर पाळून राहिला आणि २०१३च्या डिसेंबरात शहात्तराव्या वर्षी वारला.

भरतीच्या मुलांना मी रिकाम्या हाताने पाठवत नाही. आधी हिमोग्लोबिन बघतो. ते खरोखर कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आणि जंताचे औषध देतो, आणि जेवल्याबरोबर चहा पिऊ नका असे सांगतो, कारण चहा लोह शोषू देत नाही. तेरावरून चौदावर येण्याचा फायदा धावताना खरोखर जाणवतो, आणि तो पूर्णपणे कायदेशीर असतो. मग विचारतो, सराव कधीपासून? उत्तर बहुधा 'जाहिरात निघाल्यापासून' असे येते. रक्त, हृदय आणि स्नायू यांना तयार व्हायला महिने लागतात. नवीन तांबडी पेशी शरीरात सुमारे एकशेवीस दिवस टिकते, तेव्हा निदान तेवढे दिवस तरी सरावाला द्यावेत असे मी गमतीने म्हणतो. पण हिशेब फार चुकीचा नाही.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर काही भागांतून आलेल्या मुलांना मी आणखी एक तपासणी आवर्जून करायला सांगतो, ती सिकलसेलची. तोही रक्तातल्या जनुकाच्या एकाच अक्षराचा फेरफार. एका अक्षराने लॅपलंडच्या माणसाला पदकांपर्यंत जायला मदत केली, दुसऱ्या एका अक्षराने आपल्याकडची कित्येक घरे पिढ्यान्पिढ्या दुखण्यात ठेवली. ज्याला आजार आहे त्याला तो सहसा लहानपणापासून माहीत असतो. पण जो फक्त वाहक आहे, त्याला काहीच होत नाही. तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो आणि आपण वाहक आहोत हे त्याच्या गावीही नसते. अशा मुलाने वाहक आहे म्हणून धावणे सोडायचे नाही. मात्र भर उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून धावताना त्याला इतरांपेक्षा जास्त धोका असतो. पायांत गोळे येण्यापेक्षा वेगळी अशी अशक्त कळ आली, पाय लुळे पडल्यासारखे वाटले, की त्याने तिथेच बसावे, पाणी घ्यावे आणि सोबत्याला सांगावे. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. भरतीच्या अर्जाची कागदपत्रे गोळा करता, त्याच आठवड्यात तीही करून घ्या आणि त्याचे कार्ड पाकिटात ठेवा.